हिरवे चौकोन

एकोणीस मिनिटं चौदा सेकंदांवर
नवरीचं तोंड फुटतं.
अर्धं कपाळ डावीकडे सरकतं,
बाशिंग जागेवर, गाल मात्र हिरव्या चौकोनांत,
आणि अक्षता पडता पडता
हवेतच थिजतात, तिरप्या.
मागे नेलं की सगळं ठीक.
पुढे सोडलं की परत तेच,
फक्त आता बावीस मिनिटांवर.

विडी घरकुलातलं लग्न, गुंडेटी आणि येमूल.
नवरीची आई रोज फोन करते,
हजारातल्या कुठल्यातरी विडीवर हात थांबवून :
"झालं का ओ अंबादास?"

मे महिना. दत्तनगरात दुपारी पत्रा तडतडतो,
कूलरात कालचं पाणी.
ग्राफिक कार्ड ब्याऐंशी डिग्रीवर,
मी त्रेचाळीसवर.

ड्रायव्हर नवा टाकला. मग जुनाच परत आणला.
कॅशे पुसली, चाळीस जीबी,
हलकं वाटलं, ते मलाच.
डबा उघडून रंगाच्या ब्रशनं धूळ काढली.
धूळ कसली, कापसाचं तूस,
या गल्लीत सगळ्यांच्या मशिनीत तेच असतं
आणि छातीत.
परत चालवलं.
हिरवे चौकोन. आता नवरदेवालाही.

वडील दाराशी खुर्चीवर.
चौतीस वर्षं दोन मागांच्या मधे उभे होते,
एक कान या मागाला गेला, एक त्या.
म्हणून माझी लग्नं ते नुसती बघतात.
सनई नाही, मंगलाष्टक नाही,
हलणारे ओठ आणि माणसं.
मी थांबवायच्या आधी त्यांचं बोट उठतं.
"दारम तेगिंदी रा."
धागा तुटलाय.

धागा नाही नायना, मी ओरडून सांगतो,
चित्र उलगडायचं काम
प्रोसेसरकडून काढून या कार्डाला दिलंय,
लवकर व्हावं म्हणून.
ते ओठ वाचतात.
बहुतेक एवढंच वाचलं असावं : लवकर.

"मग कमी पळव की.
मालकानं एकदा मोटारीची पुली बदलली,
दिवाळीची ऑर्डर होती.
चादरीतल्या एकाही मोराला मान आली नाही."
विकल्या?
"कोण घेतंय? घरातच आहेत.
तू अंगावर घेतोस ती."

मी अंथरुणाकडे बघितलं.
इतकी वर्षं मला वाटत होतं
ते कमळ आहे.

सेटिंगमधे गेलो. तिसऱ्या पानावर, तळाशी,
हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन,
शेजारी बरोबरची बारीक खूण.
काढली. बंद करून पुन्हा चालू केलं.
चित्र आता अडखळत चालतं,
नवरी थांबते, मग एकदम दोन पावलं पुढे असते,
पण कपाळ कपाळाच्या जागी.
एक्स्पोर्ट दाबलं.
उरलेला वेळ : सहा तास चाळीस मिनिटं.

रात्री दीडला लाइट गेली.
इन्व्हर्टर किंचाळायला लागला,
वडिलांना त्यातलं काही नाही,
ते जागे झाले पंखा थांबला म्हणून.
मी हातानंच सांगितलं, चालू आहे, झोपा.
झोपले नाहीत.
आम्ही दोघं निळी पट्टी सरकताना बघत बसलो,
नव्वद टक्के, एक्क्याण्णव,
खाली गल्लीत कुणाचा तरी माग अजून चालू होता
मला.

सकाळी पहिल्यापासून लावलं.
एकोणीस चौदा : अख्खी नवरी.
बावीस : अख्खी.
मी चहा ओतायला वळलो
आणि एकेचाळीस मिनिटांवर त्यांचं बोट उठलं.

बशी तशीच ठेवून धावलो. मागे नेलं.
पंगत. बुंदी वाढणारा पोरगा. पत्रावळी.
एकही चौकोन नाही.
परत मागे. परत काही नाही.
कुठे तुटलाय?

"मल्लेशम," ते म्हणाले.
कोपऱ्यात बसलेला टक्कल पडलेला माणूस,
भात कालवतोय.
"माझ्या शेजारचा माग. केस गेले की रे सगळे."

चार सेकंदांचा होता तो तुकडा.
मी अकराचा केला.
परत एक्स्पोर्ट. परत सहा तास चाळीस मिनिटं.
फोन वाजला. घरकुलातून.
होतंय ओ मावशी, म्हटलं,
संध्याकाळ धरा.